शिपायाला दिलेला रोट

सावद्याच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या सुगंधाबाई फेगडे यांना गोष्टी रचून सांगायची खोड होती. खोड म्हणजे खोडच. शेवटचा तास आला की फळा पुसायचा, खिडक्या अर्ध्या लावायच्या आणि मुलांना म्हणायचं, बसा रे जवळ. घंटा होऊन जायची, तरी वर्ग हलत नसे. हेडमास्तरांनी एकदा समज दिली तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, राजकन्येला मधेच विहिरीत सोडून मी घरी कशी जाऊ?" हेडमास्तर आल्या पावली परत गेले. सरकारनं त्यावर परिपत्रक काढलेलं नव्हतं.

बाईंच्या मोठ्या बहिणीचा मुलगा गिरधर लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत सावद्याला येऊन राहायचा आणि मावशीच्या पदराला धरून गोष्टी मागायचा. हा गिरधर मोठा झाला, संगणक शिकला आणि जळगावात बसस्टँडजवळ त्यानं कॉम्प्युटर क्लास काढला. तेव्हा गल्लोगल्ली तसे क्लास निघत होते. बाकीचे क्लासवाले पोरांना टायपिंग शिकवून गप्प बसले. गिरधरला मात्र वेड लागलं की आपण एक खेळ करायचा. गोळ्या झाडायचा आणि मोटारी पळवायचा तसला नव्हे. पडद्यावर चित्र दिसतं, डोंगर, विहीर, झोपडी. माऊस हलवून बाण विहिरीवर न्यायचा, बटण दाबायचं, की बादली वर येते. बादली झोळीत टाकायची आणि पुढच्या चित्रात ती कुठे लागते ते शोधायचं. असं करत करत गोष्ट आपणच पुढे न्यायची. परदेशात असे खेळ पुष्कळ निघायचे. गिरधरनं ते पाहिले, आणि त्याच्या मनात आलं की यांच्यापेक्षा आपली मावशी काय वाईट सांगते?

म्हणून 'काळा डोह' तयार झाला. गोष्ट मावशीची, कारागिरी गिरधरची, आणि चित्रं धुळ्याच्या झुलालची. हा झुलाल सिनेमाचे बोर्ड रंगवायचा आणि अहिराणीशिवाय दुसऱ्या भाषेत त्याला रागावता येत नसे. मोगरा नावाची मुलगी, तिचे सात भाऊ एका चेटकिणीनं दगड करून टाकलेले, आणि मोगरा एकेकाला सोडवत जाते, अशी ती गोष्ट. सहा भाऊ सुटले आणि फ्लॉप्यांमधली जागा संपली. सातवा तसाच राहिला.

पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं तो खेळ घेतला, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून विकला, आणि लोकांना तो आवडला. मुंबईहून निघणाऱ्या संगणकाच्या इंग्रजी मासिकानं पान भरून लिहिलं. पुण्याच्या वर्तमानपत्रानं रविवारी लिहिलं. सगळ्यांनी शेवटी एकच विचारलं होतं: सातव्या भावाचं काय? खोक्याच्या मागे बारीक अक्षरात 'कथा : सुगंधा फेगडे' असं छापलेलं होतं. बाईंनी ते खोकं कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं आणि आठवडाभर रोज साडी काढताना पाहिलं. आनंद झाला होता. तो कुणापुढे दाखवायचा कसा हे मात्र त्यांना कधी जमलं नाही.

दुसरा भाग करायचं ठरलं तेव्हा दिवस बदलले होते. सासू शेवंताबाई न्हाणीत घसरून पडल्या, खुबा मोडला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांचं सगळं अंथरुणातच करावं लागे. बाईंचे यजमान तोताराम केळीच्या वाहतुकीच्या धंद्यात कारकून होते. ट्रक भरले जाईपर्यंत ते घरी येत नसत आणि आले की जेवून झोपत. माणूस वाईट नव्हता. आपल्या आईला पाणी कोण देतं, हा प्रश्न आपल्याशी संबंधित आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, एवढंच. त्यातच शाळेवर कामं कोसळली. पोलिओचे डोस आले, मतदारयाद्या आल्या, मग निवडणूकच आली. सरकारला देशात काहीही करायचं झालं की पहिली आठवण तिसरीच्या बाईंची होते, असं दिसतं.

दर रविवारी गिरधर मोटारसायकलवर यायचा, स्वयंपाकघरात पाटावर बसायचा आणि टेपरेकॉर्डर चालू करून म्हणायचा, "सांग मावशी, पुढं काय झालं?"

मावशी कणीक तिंबता तिंबता सांगायची. मोगरा पाषाणनगरीत शिरते. तिथं म्हातारी तिला म्हणते, आधी पाणी आण. पाणी आणलं की म्हणते, आता सरपण आण. सरपण आणलं की म्हणते, नातवाला झोपव. मधेच आतून हाक यायची, "सुगंधा! व सुगंधा! मले कुशीवर कर ना माय." बाई हात धुऊन आत जायच्या, परत यायच्या, आणि विचारायच्या, "कोठी होती मी?"

"नातवाले झोपवत होती."

"हां. मग म्हातारी म्हणे, भांडी घास."

"मावशी, भांडी काबरं घासायला लावते तिले? ही तर जादूची नगरी आहे."

"जादूच्या नगरीत भांडी आपोआप निघता का?" बाई म्हणाल्या, आणि टेपवर तेही गेलं. एका रविवारी तर वाक्य अर्ध्यात सोडून त्यांना भिंतीला टेकल्या टेकल्या डुलकी लागली. गिरधरनं टेप बंद केला आणि तव्यावरची पोळी उतरवली.

गोष्टीचा शेवट मात्र बाईंनी जागेपणी, पूर्ण शुद्धीत केला. तो शेवट त्यांना कसा सुचला हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

खान्देशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गहू मोजून घेतात, ते दळून रोट करतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला त्यातला घाससुद्धा द्यायचा नाही. उरले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घरच्यांनीच खायचे, पण संपवायचे. घरोघरी रीत थोडीफार वेगळी असेल, पण रोट परक्याला जात नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्या श्रावणात, फेगड्यांकडे रोट झालेले असताना, बाईंचा धाकटा भाऊ पितांबर अचानक दारात उभा राहिला. बाईंचं माहेर असोदा, जळगावला लागूनच. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातली लेक माहेरी जाते, झोके खेळते, गाणी म्हणते, चार दिवस कुणाची सून नसते. बाई ओळीनं चार आखाज्या गेल्या नव्हत्या. एकदा सासूचं पडणं, एकदा साक्षरतेचं काम, एकदा हे, एकदा ते. म्हणून पितांबर स्वतःच बहिणीला पाहायला आला होता. स्वयंपाकघरात रोटांची चळत होती, आणि सख्ख्या भावाला त्यातला तुकडा देता येत नव्हता, कारण तो फेगड्यांचा भाऊबंद नव्हता. बाईंनी त्याच्यासाठी घाईघाईनं वेगळी खिचडी टाकली. पितांबर हसला, म्हणाला, "अक्का, मी काय पाव्हणा आहे का? राहू दे ना." खिचडी खाऊन तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. बाईंना त्या दिवशी फार वाईट वाटलं. एका ताटात वाढलेली दोन लेकरं, आणि आता त्यांचे रोट वेगळे.

म्हणून त्यांनी गोष्टीत ते दुरुस्त करून घेतलं. पाषाणनगरीतली म्हातारी सगळी कामं उरकल्यावर मोगराला तिच्या माहेरच्या कुळाचा रोट देते. नगरीला तीन वेशी. प्रत्येक वेशीवर भुकेला शिपाई रोट मागतो. मोगरा द्यायला नाही म्हणते, कुणाचा रोट आहे ते सांगते, आणि शिपाई बाजूला होतो, कारण त्यालाही कूळ आहेच. शेवटी दगडांच्या रांगेत ती पोचते. शेकडो दगड सारखेच, भाऊ कोणता? ती प्रत्येकापुढे रोट धरते. जो खाईल तो आपला. एक दगड डोळे उघडतो आणि विचारतो, "अक्का, माझ्यासाठी काय आणलंस?" मग दोघं तिथंच बसून एक रोट अर्धा अर्धा खातात. बस, एवढंच. पुढे काही नाही.

टेप बंद करताना गिरधरच्या डोळ्यांत पाणी होतं. झुलालनं ते शेवटचं चित्र तीन वेळा पुसून काढलं. "बाई, आते जमनं," असं त्यानं धुळ्याहून फोनवर सांगितलं, आणि बाईंनी ते चित्र पाहायच्या आधीच छान झालं म्हणून टाकलं. हा शेवट लोकांपर्यंत पोचावा, एवढंच आता त्यांना हवं होतं. आपण आखाजीला गेलो नाही त्याची भरपाई त्यात होती, असं त्यांना मनातून वाटत होतं. पितांबरच्या पोरांनी गिरधरच्या क्लासात बसून हा खेळ खेळावा आणि घरी जाऊन बापाला सांगावं, अक्कानं काय केलंय पाहा.

कंपनीला खोकी भरायच्या आधी खेळ तपासून हवा होता. गिरधरनं क्लासातल्या पोरांना बसवलं. पोरं असोद्याची, यावलची, फैजपूरची, दोनतीन खुद्द सावद्याची. त्यांनी खेळात काय काय नाही करून पाहिलं! म्हातारीला विहिरीत टाकून पाहिलं. शिपायाला झाडूनं मारून पाहिलं. झोळीतला उंदीर दगडाला भरवला. खेळ कुठंच अडला नाही. गिरधरनं निश्चिंत मनानं फ्लॉप्या पुण्याला पाठवल्या आणि दिवाळीत 'पाषाणनगरी' बाजारात आली.

जळगावच्या वर्तमानपत्रानं गिरधरचा फोटो छापला आणि खान्देशच्या सुपुत्राची गगनभरारी वगैरे लिहिलं. लिहिणाऱ्यानं खेळ पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्याचं मत फारच चांगलं होतं. खरी वाट मुंबईच्या मासिकाची होती. तिसरा भाग काढायचा की नाही, हे कंपनी त्यावरच ठरवणार होती.

मासिक संक्रांतीच्या सुमारास आलं. गिरधर ते घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच बाईंनी गॅस बंद केला. त्यानं मराठी करून वाचून दाखवलं. पहिल्या भागाची सर या भागाला मुळीच नाही. नायिका सारखी कुणाचं तरी काही तरी करत असते, पाणी आण, सरपण आण. खेळणाऱ्यानं हे सगळं मुकाट्यानं करावं, आणि त्याचं फळ काय? खेळाला शेवटच नाही. पहिल्या वेशीवर शिपाई भाकरी मागतो, आपण देतो, तो खातो आणि म्हणतो, अजून आण. अजून भाकरी कुठेच मिळत नाही. वेस उघडत नाही. दोन दिवस शोधून आम्ही नाद सोडला. शेवटी एक वाक्य होतं. ते वाचताना गिरधर अडखळला.

"वाच," बाई म्हणाल्या.

"असं लिहिलंय की... गोष्ट सांगणारी दमलेली वाटते."

आतून शेवंताबाईंनी हाक मारली, बाई जाऊन आल्या. आल्यावर म्हणाल्या, "दमली तर आहे मी. त्याले मुंबईत बसून कसं कळलं?" आणि मग एकदम चिडून, "पण शेवट काबरं नही म्हणतो तो? शेवट आहे ना!"

पुण्याच्या वर्तमानपत्रानंही तेच लिहिलं. नागपूरच्या एकानं तर कंपनीनं अर्धाच खेळ विकला, ही फसवणूक आहे, असं म्हटलं. कंपनीकडे खोकी परत येऊ लागली. गिरधर रात्रंदिवस यंत्रापुढे बसला. खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यानं कितीदा तरी खेळून पाहिला, आणि प्रत्येक वेळी मोगरा भावापाशी नीट पोचली. त्याला काही केल्या कळेना की ही माणसं अडकतात कुठं.

कळलं ते झुलालला. तो धुळ्याहून रंगाचे डबे घ्यायला जळगावला आला होता आणि क्लासात चहा पीत बसला होता. योगायोगानं त्या दिवशी बाईही शाळेच्या कामानं जळगावला आल्या होत्या आणि तिथंच बसल्या होत्या. गिरधरनं परीक्षण पुन्हा वाचलं. झुलालनं कपबशी खाली ठेवली.

"भाकर कसानी?" तो म्हणाला. "खेयमा भाकर कोठे शे?"

"भाकर म्हणजे तो रोटालेच म्हणत असंल," गिरधर म्हणाला.

"मंग त्यानी शिपाईले रोट दि टाका का?"

गिरधर हळूच यंत्राकडे वळला, झोळीतला रोट उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा शिपायाला दिला. शिपायानं तो खाल्ला. पहिल्या भागातल्या शिपायांना कुणीही काहीही खायला दिलं की ते खाऊन "अजून आण" म्हणत, आणि गिरधरनं तेच शिपाई या भागात जसेच्या तसे उचलले होते. रोट गेला. मोगरा वेशीपाशी उभी राहिली ती राहिलीच.

"आसं कोन करस!" झुलाल ओरडला. "रोट परकाले कोन देस? बठ्ठी अक्कल गहाण ठेवी का त्यास्नी?"

पण ओरडून काय उपयोग? मुंबईच्या माणसाला रोट ही भाकरीच दिसणार. भुकेल्या शिपायानं मागितली, त्यानं दिली. चांगलाच माणूस म्हणायचा तो. आणि इकडे गिरधरच्या क्लासातल्या पोरांनी म्हातारीला विहिरीत ढकलून पाहिलं होतं, पण शिपायाला रोट देऊन पाहावा असं त्यांतल्या एकाच्याही मनात आलं नव्हतं. वात्रटपणालासुद्धा घरची हद्द असते. बाईंना हसू आलं. हसता हसता त्यांना लक्षात आलं की आपला शेवट आपल्या दोनतीन तालुक्यांपलीकडे कुणीच पाहिलेला नाही, आणि त्यांचं हसू जागीच थांबलं.

गिरधरनं कंपनीला कळवलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: शिपायानं रोट घेऊच नये, "हा मला चालत नाही, बाई" असं म्हणून परत द्यावा, म्हणजे झालं. कंपनीच्या साहेबाला ते पटलं नाही. त्यानं सावद्याच्या एसटीडी बूथवर वेळ ठरवून बाईंशीच बोलणं केलं. माणूस फार नम्र होता, आणि नम्र माणसांपुढे बाईंची नेहमीच हार व्हायची.

"मॅडम, ही चालीरीत आम्हाला इथं कळत नाही, तर बाकीच्यांना काय कळणार? शिपायाला भाकरी दिली की वेस उघडू दे. लोकांना तेच सरळ वाटतं. तेवढं बदललं तर खोकी पुन्हा बाजारात आणू. नाही तर आम्हाला मोगराची गोष्ट इथंच थांबवावी लागेल."

"पण मग भावाला काय देईल ती?"

"ते बघतील गिरधरराव. छोटीशी गोष्ट आहे."

बूथच्या काचेबाहेर दोन माणसं फोनसाठी थांबली होती. बाईंच्या पिशवीत सासूचं औषध होतं आणि घरी सासू तासाभरापासून एकट्या होत्या. भांडावं असं बाईंना फार वाटलं. म्हणावं की साहेब, ही छोटी गोष्ट नाही, माझं सगळं त्या एका रोटात आहे. पण त्यासाठी आधी कानबाई समजावून सांगावी लागली असती, मग भाऊबंद, मग पितांबर, मग खिचडी. एवढं बोलायचं त्राण त्यांच्यात उरलेलं नव्हतं. दमलेल्या माणसाचं होय हे बरेचदा नुसतं वाद टाळायला निघतं.

"देऊन टाका," त्या म्हणाल्या.

घरी जाऊन त्यांनी सासूला औषध दिलं, कुशीवर केलं, आणि पोळ्यांना बसल्या. तोतारामांनी जेवताना विचारलं, "काय म्हने तुमची कंपनी?" "काढताय पुन्हा," बाई म्हणाल्या. "मंग चांगलंच झालं," तोताराम म्हणाले आणि झोपायला गेले.

बदललेली 'पाषाणनगरी' उन्हाळ्याच्या तोंडाशी आली. या वेळी मुंबईच्या मासिकानं दोन पानं दिली. आधीचाच लेखक होता आणि त्यानं मोकळ्या मनानं लिहिलं की आमचं मागचं मत आम्ही मागे घेतो. पुण्याचं वर्तमानपत्र त्याच्याही पुढे गेलं. असा शेवट कुठल्याच परदेशी खेळात पाहिला नाही, असं तिथं होतं. कंपनीनं तिसऱ्या भागाची बोलणी सुरू केली. शाळेनं बाईंना शाल आणि नारळ दिला. हेडमास्तरांनी भाषणात सांगितलं की बाईंच्या कलेला आपण पहिल्यापासून प्रोत्साहन दिलं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि गिरधर मावशीला जळगावला क्लासात न्यायला आला. खेळ बाईंनी एकदाही स्वतः खेळलेला नव्हता. सांगितला होता नुसता. तोतारामांना घरी थांबायला सांगताना बाईंना मोठीच चोरी केल्यासारखं वाटलं.

क्लास दुपारी रिकामा होता. गिरधरनं पंखा लावला, मावशीचा हात माऊसवर ठेवला आणि स्वतः बाजूच्या खुर्चीवर बसला. बाईंनी पाणी आणलं. सरपण आणलं. नातवाला झोपवलं, भांडी घासली. "माय व! किती कामं आहेत हिले," त्या पुटपुटल्या. म्हातारीनं रोट दिला. पहिल्या वेशीवर शिपायानं हात पुढे केला. बाईंचा बाण रोटावर जाऊन थांबला, हात पुढे जाईना. गिरधर म्हणाला, "दे मावशी. आता द्यावंच लागतं." त्यांनी दिला. शिपायानं थोडा खाल्ला, वेस उघडली. दुसऱ्या वेशीवर आणखी थोडा गेला. तिसऱ्या वेशीवर उरलेला गेला.

मग ते दगड आले. झुलालनं काढलेलं ते चित्र खरोखरच सुंदर होतं. एका दगडानं डोळे उघडले आणि खाली अक्षरं उमटली: "अक्का, माझ्यासाठी काय आणलंस?"

बाईंनी झोळी उघडली. झोळी रिकामी होती.

पडद्यावर मोगरा म्हणाली, "काही उरलं नाही रे."

भाऊ हळूहळू दगडातून बाहेर आला आणि तिच्याजवळ बसला. खेळ संपला.

"ती ओळ मीच टाकली," गिरधर चाचरत म्हणाला. "त्याचं वाक्य आधीचंच होतं, ते काढायचं राहून गेलं. मग तिच्याकडे तर काहीच नव्हतं, म्हणून... घाईत जे सुचलं ते लिहिलं. आणि सगळ्यांना तेच आवडून राह्यलं, मावशी. बठ्ठ्या परीक्षणांत तेच."

बाई रडत होत्या. पदर तोंडाशी न धरता, पोरीसारख्या, उघड्या तोंडानं. गिरधर घाबरला. "मावशी, रडू नको ना. मी बदलतो. तुझं होतं तसं करतो. कंपनी गेली खड्ड्यात."

"नको," बाई म्हणाल्या. "मी केलं होतं ते खोटं होतं रे गिरधर. अर्धा अर्धा रोट! कोठी होता माझ्यापाशी अर्धा रोट? ज्यानं मागितलं त्याले देत आली मी. ह्या वेशीवर दे, त्या वेशीवर दे. पितांबरनं चार वर्सं वाट पाहिली आणि मी त्याच्यासाठी गोष्टीत रोट ठेवला. गोष्टीत!" त्यांनी नाक पुसलं. "लोकांनी जे पाहिलं तेच खरं आहे. राहू दे."

गिरधरनं यंत्र बंद केलं. मग त्यानं सांगितलं की कंपनीला तिसरा भाग दिवाळीपर्यंत हवा आहे, या वेळी नाव पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात टाकणार आहेत, रविवारपासून बसू या का?

"नही," बाई म्हणाल्या. एवढा सरळ नकार त्यांनी आजवर कुणालाच दिलेला नसावा, कारण तो ऐकून त्या स्वतःच चपापल्या. "आखाजी आली आहे. मले असोद्याले नेऊन सोड."

"आत्ता? तशीच? आजीजवळ कोण मग?"

"तुझा मावसा आहे ना. त्याचीच तर आई आहे."

"बरं, पण मामीसाठी, पोरांसाठी काही घेऊ या रस्त्यात. रिकाम्या हाती कशी जाशील एवढ्या वर्सांनी?"

बाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश उठल्या.

"रिकाम्या हातीच जाईन," त्या म्हणाल्या. "पितांबरनं विचारलं तर सांगीन, काही उरलं नही रे, मी झोपायले आली आहे."